उणे चाळीसातले मेश्राम

दोन मराठी माणसं बंद तंबूत तासभर गप्पा मारत बसली, तर त्यांच्या तोंडावाटे साधारण अर्धी वाटी पाणी बाहेर पडतं, असं मधुकर मेश्रामांचं म्हणणं होतं. विषय राजकारणाचा असेल तर थोडं जास्त. हे ते गंमत म्हणून सांगत नसत. मेश्राम गंमत करत नसत आणि त्यांना तशी गरजही पडत नसे, कारण ज्या ठिकाणी बसून ते हे बोलत ते ठिकाणच पुरेसं होतं. नॉटिंगहॅमबाहेर कालव्याकाठी मटार गोठवण्याचा एक कारखाना होता. त्यात उणे चाळीस अंशांची एक खोली. त्या खोलीत लाल तंबू, तंबूत घडीच्या दोन स्टुलांवर मेश्राम आणि मी, मध्ये चहाचा थर्मास. वार रविवार, कारण रविवारी मटारांना सुट्टी असे.

आमची कंपनी तंबू शिवायची. शाळकरी मुलांच्या सहलींचे, कॅरॅव्हॅनला जोडायचे, लग्नाच्या मांडवाचे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमचे मॅनेजिंग डायरेक्टर मिस्टर ॲश्टन कुठल्याशा प्रदर्शनाला जाऊन आले आणि त्यांना साक्षात्कार झाला की जगात अशी माणसं आहेत, जी गोठलेल्या तळ्यावर जातात, बर्फाला भोक पाडतात आणि त्यात गळ टाकून दिवसभर बसतात. त्यांना वाऱ्यापासून आडोसा हवा. तो पाठीवर नेता यावा, चटकन उभा करता यावा, चटकन गुंडाळता यावा. ॲश्टनसाहेबांनी खोक्यावरचं चित्र आधी काढून घेतलं. चित्रात दाढीवाला माणूस मासा हातात धरून हसत होता आणि खाली लिहिलं होतं, ‘उणे चाळीसपर्यंत.’ तंबू नंतर बनवायचा होता.

तो तंबू उणे चाळीसला टिकतो की नाही हे ठरवायचं काम डॉक्टर मेश्रामांचं. डॉक्टर हा शब्द मी मुद्दाम लिहिला. प्रयोगशाळेच्या दारावरच्या पाटीत तो होता आणि कुणी नुसतं ‘मिस्टर’ म्हटलं तर मेश्राम त्या माणसाकडे अशा शांतपणे बघत, की पुढच्या वेळी तो चुकत नसे. त्यांचे वडील नागपूरच्या कापड गिरणीत सूतखात्यात होते. मुलगा शिकला, कापडशास्त्रात पदवी घेतली, इंग्लंडला येऊन पीएचडी केली आणि इथेच राहिला. पाटीबद्दल मी मनातल्या मनात बराच हसलो आहे. ती पाटी तिथवर यायला काय लागलं असेल, याचा विचार हसून झाल्यावर करत असे.

आमच्या महाराष्ट्र मंडळात ते पहिल्यांदा आले तेव्हा सेक्रेटरींनी अगत्याने विचारलं, “मेश्राम म्हणजे नेमके कुठले?”

“नॉटिंगहॅमचे. हॉस्पिटलसमोरच्या बसस्टॉपपाशी.”

“नाही नाही, मूळचे हो.”

“मूळचे नागपूरचे आणि बौद्ध. तुम्हाला जे विचारायचं होतं त्याचं हे उत्तर. आता चहा कुठे मिळतो तेवढं सांगा.”

सेक्रेटरींनी त्यांना स्वतः चहा आणून दिला आणि त्यानंतर सात-आठ वर्षं व्यासपीठावर कधी बोलावलं नाही.

मी पुण्याचा, त्याच कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार बघायचो. तंबूशी माझा संबंध कागदापुरता. पण एका शुक्रवारी मेश्राम माझ्या टेबलापाशी आले.

“लिमये, रविवारी मोकळे आहात?”

“आहे. काय काम?”

“गप्पा मारायच्या आहेत.”

मी खूश झालो. रविवारी मटारच्या कारखान्यात पोचल्यावर त्यांनी मला दोन कोट, तीन पायमोजे आणि माकडटोपी चढवली तेव्हा कळलं, की हे खरोखरच काम होतं.

त्यांचं म्हणणं असं. बाकीच्या कंपन्या तंबू थंड खोलीत टांगतात, दोन दिवसांनी काढतात, कापड वाकवून बघतात आणि शिक्का मारतात. रिकाम्या तंबूला काय धाड भरते? त्याला माणूस मारतो. आत बसलेल्या माणसाच्या श्वासातली वाफ कापडाला आतून चिकटते, तिचा बर्फ होतो, तो शिवणीत आणि चेनच्या दातांत शिरतो. मग माणूस उठतो, तंबू तसाच ओला-गोठलेला गुंडाळतो, आणि घडी पडते तिथे कापडावरचा लेप तडकतो. म्हणून तंबूची परीक्षा घ्यायची तर त्यात माणूस बसवायला हवा. एक नाही, दोन. आणि त्यांनी बोलायला हवं, कारण बोलणारा माणूस गप्प माणसापेक्षा जास्त वाफ सोडतो.

पहिल्याच रविवारी मी थंडीने गारठून गप्प झालो, तर म्हणाले, “बोला राजेहो. गप्पच बसायचं होतं तर तुमच्याऐवजी बटाट्याचं पोतं ठेवलं असतं.”

मग आम्ही बोललो. कितीतरी हिवाळे, अधूनमधूनचे रविवार, आम्ही त्या लाल कापडाखाली बसून बोललो. केन नावाचा गोदामाचा रखवालदार थोड्या थोड्या वेळाने बाहेरून दार ठोकायचा. “ऑल राइट, जेंट्स?” आम्ही “ऑल राइट” म्हणायचो आणि तो परत आपल्या हीटरपाशी जायचा. आत दोन विदेशी माणसं मोठमोठ्याने काय भांडतात, याचं त्याला कुतूहल होतं. एकदा त्याने विचारलंही. आम्ही महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांबद्दल बोलत होतो, हे त्याला समजावून सांगणं जमलं नाही.

बोलता बोलता मेश्राम हातमोजा काढत, अंगठ्याच्या नखाने तंबूच्या आतल्या बाजूवर एक रेघ ओढत आणि नखावर आलेला बर्फ डोळ्यांजवळ धरून बघत. रवाळ असेल तर ठीक. चिकट पापुद्रा असेल तर मान हलवत. एकदा तसंच नखाकडे बघत म्हणाले, “माझा बाप वाफेत मेला. सूतखात्यात वरून पाण्याचे फवारे सोडत, हवा ओली राहावी म्हणून. कोरड्या हवेत सूत तुटतं. बारा महिने माणसं त्या दमट कोंदटात उभी. सूत तुटलं की मुकादम ओरडायचा. माणूस खोकायला लागला की दुसरा यायचा.” नखावरचा बर्फ झटकून म्हणाले, “ज्याने ते खातं बांधलं, तो एक दिवस आत उभा राहिला असता, तर बास होतं.”

माणूस आत बसवून पाहिलं का, हे त्यांचं पालुपद तिथून आलं होतं. मेश्राम ते कशालाही लावत. कौन्सिलने नवीन फ्लॅट बांधले: माणूस आत बसवून पाहिलं का? मंडळाने नवी घटना छापली: माणूस आत बसवून पाहिलं का? माझ्या मुलाला मी पियानोच्या शिकवणीला घातलं तेव्हाही हेच. मुलगा तीन महिन्यांत बाहेर पडला.

मेश्रामांना आयुष्यात एक गोष्ट हवी होती, ती म्हणजे खऱ्या तळ्यावर जाणं. मटारच्या खोलीत नाही, गोठलेल्या पाण्यावर, आपला तंबू उभा करून. ॲश्टनसाहेब दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी “नेक्स्ट इयर, डॉक्टर, डेफिनेटली” म्हणत आणि दरवर्षी विक्री खात्यातले दोघे फिनलंडला जाऊन सॉनाचं वाफस्नान करून येत. येताना ते मेश्रामांसाठी चॉकलेट आणत.

तंबूचे नमुने शिवण्याचं काम शकुंतलावहिनींकडे असे. मेश्रामांच्या पत्नी. आमच्याच शिवणखात्यात मशीनवर होत्या आणि छपराचा जोड त्यांच्यासारखा कुणाला घालता येत नसे. घरात मशीन होतंच, पण खात्यात पंजाबी, गुजराती, जमैकन बायका होत्या, जेवणाच्या सुट्टीतले डबे होते, इंग्रजीतल्या शिव्या होत्या. वहिनी तिथे जाऊन माणसांत आल्या होत्या. नवऱ्याच्या डॉक्टरकीपेक्षा त्यांना आपल्या मशीनचा अभिमान जास्त होता आणि त्या तो लपवत नसत.

दशक संपत आलं तेव्हा फिनलंडहून एक मोठा व्यापारी आला. ऑर्डर मोठी होती. शिवणखातं पुढची काही वर्षं त्यावर चाललं असतं. ॲश्टनसाहेबांनी मीटिंगला सगळ्यांना बसवलं, मला नोंदी घ्यायला. व्यापारी उंच, फिकट, साठीचा माणूस. तासभर त्याने तोंड उघडलं नाही. शेवटी ॲश्टन हसत मेश्रामांकडे वळले. “आणि आमचे डॉक्टर सांगतील की तंबू उणे चाळीसला टिकतो.”

‘हो’ एवढंच म्हणायचं होतं. मेश्राम उभे राहिले. कोटाचं बटण लावलं.

“नाही टिकत,” ते म्हणाले. मग त्यांनी सविस्तर सांगितलं. दोन माणसं, तासभर संभाषण, चहा, घडी, पुन्हा उघडणं. काही रविवारांनंतर छपराच्या घडीवर तडा. कापड बदलायला हवं. तोवर खोक्यावर ‘उणे चाळीस’ छापणं खोटं ठरेल.

 व्यापाऱ्याने मग त्या दिवसातला एकमेव प्रश्न विचारला. “टू मेन टॉक? फॉर वन अवर?” तो खरोखर गोंधळला होता. “अबाउट व्हॉट?”

ॲश्टन मोठ्याने हसले, म्हणून सगळे हसले. व्यापारी हसला नाही. मेश्रामांना ती थट्टा वाटली आणि त्यांनी कडक आवाजात उत्तर दिलं, “पॉलिटिक्स. फॅमिली. व्हॉटेव्हर मेन टॉक अबाउट.”

व्यापारी मान हलवून उठला. ऑर्डर आली नाही. महिन्याभरात नोटीस लागली की तांत्रिक अडचणींमुळे शिवणखातं बंद करण्यात येत आहे.

त्या संध्याकाळी मी मेश्रामांकडे होतो. वहिनींनी डबा ओट्यावर ठेवला आणि विचारलं, “माही शिवण उसवली का जी?”

“नाही.”

“धागा तुटला?”

“नाही. कापड तडकलं.”

“मंग मले काऊन घरी बसवलं?”

मेश्रामांनी कापडावरच्या लेपाबद्दल सांगायला सुरुवात केली. वहिनी भाताला फोडणी द्यायला निघून गेल्या. एवढं बोलणारा माणूस, पण ऐकणारी उठून गेली की त्याचं वाक्य अर्ध्यात कसं थांबतं, ते मी तेव्हा बघितलं.

पुढे वहिनी कधी भांडल्या नाहीत. त्यांनी त्याहून वाईट केलं. शर्टाचं बटण लावून दिलं की म्हणायच्या, “घ्या, टेस्ट करून पाहा. नाही तर नापास करान.” पाहुण्यांसमोर पोळी वाढताना, “तडकली तर सांगा बरं.” मेश्राम हे सगळं ऐकून घेत. कारण घराबाहेर त्यांच्याकडे याचा मोबदला होता. त्यांनी एक तंबू अडवला होता. लोकांना हे सांगण्यासारखं होतं, आणि त्यांनी ते सांगितलं. आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात त्यांना सचोटीवर बोलायला बोलावलं, इथेच जन्मलेली मुलं पुढच्या रांगेत बसवली, आणि मेश्रामांनी ती मीटिंग शब्दांत उभी केली. मंडळालाही अखेर त्यांची आठवण झाली. मी ते भाषण तीनदा ऐकलं. दर वेळी गोष्टीतल्या थंड खोलीचं तापमान थोडं खाली जायचं आणि ॲश्टन थोडे दुष्ट व्हायचे. तिसऱ्या वेळी व्यापारी उठून मेश्रामांशी हस्तांदोलन करून गेला. मी तिथे होतो हे ते विसरले असावेत. पण गाभा खरा होता, आणि आमच्यातल्या बहुतेकांच्या भाषणांना तोही नसतो.

कंपनी पुढे विकली गेली. मी नोकरी बदलून रीडिंग या गावी आलो, मेश्रामांनी लवकर निवृत्ती घेतली. फोनवर बोलणं व्हायचं. मग नव्वदीच्या मध्यावर एका हिवाळ्यात त्यांचा फोन आला, की मी फिनलंडला जातोय. एकटा. जुना लाल नमुना माळ्यावरून काढला आहे, त्याच कापडाचा. वहिनींनी यायला नकार दिला होता. “मी कायले येऊ? तुमचा तडा पाहायला?” असं त्या मागून म्हणालेल्या मला ऐकू आलं.

परत आल्यावर काहीच कळवलं नाही. महिन्याभराने म्हणाले, आम्ही दोघं शनिवार-रविवार तुमच्याकडे येतो, मला एकदा ॲश्टनकडे घेऊन चला. निवृत्त ॲश्टन ब्रॅकनेलजवळ राहत होते, माझ्या घरापासून गाडीने जवळच. वहिनींना माझ्या बायकोपाशी सोडून आम्ही निघालो. वाटेत त्यांनी सांगितलं.

“लिमये, ते बोलत नाहीत.”

“कोण?”

“कोणीच. तळ्यावर माणसं आहेत, पण एकेक. दोघांत शेतभर अंतर. बहुतेकांकडे तंबूच नाही, वाऱ्याकडे पाठ करून बसतात. ज्याच्याकडे आहे तो आत एकटा, दार अर्धं उघडं. सकाळपासून अंधार पडेपर्यंत शब्द नाही.” ते समोर रस्त्याकडे बघत होते. “मी माझा तंबू लावला. एक म्हातारा आला, आत माझ्याजवळ बसला. दुपारपर्यंत बसला. मी दोनदा काही तरी बोललो, तर त्याने असं पाहिलं, जसा मी देवळात जोडे घालून आलो. मग मी गप्प राहिलो. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला.”

“आणि तंबू?”

“उणे तीसच्या खाली होतं. नखाने पाहिलं. कोरडा रवा. गुंडाळला, उघडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभर. एक तडा नाही, लिमये. एक नाही.” मग म्हणाले, “मी माणूस आत बसवला होता. पण मी बसवला नागपूरचा आणि पुण्याचा.”

मला त्या फिकट व्यापाऱ्याचा चेहरा आठवला. त्याने थट्टा केलीच नव्हती. त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं.

ॲश्टनसाहेबांनी आम्हाला काचेच्या खोलीत बसवलं. कुंड्या, वेताच्या खुर्च्या, पायाशी लोळणारं कुत्रं. “डॉक्टर मेश्राम! हाऊ व्हेरी नाइस.” मेश्राम बसले नाहीत. कोटाचं बटण लावलं, तसंच, मीटिंगमधल्यासारखं, आणि पाठ करून आणलेलं इंग्रजीत सांगितलं. माझी चाचणी चुकीची होती. तंबू त्या लोकांसाठी योग्य होता. माझ्या शब्दावर खातं बंद झालं, बायकांच्या नोकऱ्या गेल्या. हे तुम्हाला माझ्या तोंडून कळावं म्हणून आलो.

ॲश्टन भुवया उंचावून ऐकत होते. “कुठला तंबू म्हणालात?”

“लाल. आइस फिशिंगचा.”

“ओह, तो!” त्यांचा चेहरा उजळला. “माय डिअर फेलो, तुम्ही ते मनाला लावून घेतलंत की काय? शिवणकाम पोर्तुगालला हलवायचं वर्षभर आधीच ठरलं होतं. कारण काय द्यायचं तेवढं सुचत नव्हतं. तुम्ही ते इतकं सुंदर दिलंत. बोर्डाला फार आवडलं.” मग केककडे हात केला. “लेमन आहे. माझ्या बायकोने केलाय.”

मेश्रामांनी केक घेतला. पूर्ण खाल्ला. बशीत चुरासुद्धा ठेवला नाही आणि ॲश्टनसाहेबांच्या पत्नीला निरोप सांगायला सांगितलं, की उत्तम झाला होता.

 परतताना मी मनात हिशोब करत होतो, की चला, झालं ते झालं, पण आता वहिनींना तरी सांगता येईल. इतकी वर्षं ज्या गोष्टीवरून टोमणे ऐकले, ती यांच्या हातून झालीच नव्हती. बटणं आणि पोळ्या आता सुटतील.

दार माझ्या बायकोने उघडलं. वहिनी तिच्या मागे उभ्या होत्या, हाताला कणीक लागलेली.

“काय म्हणाले जी साहेब?”

मेश्राम खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते. दोन्ही बूट काढून झाले, जोडीने भिंतीशी लावून झाले, मग म्हणाले, “म्हणाले, डॉक्टर, तुमच्यामुळेच खातं बंद पडलं. अजून विसरले नाहीत.”

“पाहा,” वहिनी माझ्या बायकोकडे वळून म्हणाल्या. “मी इतकी वर्षं काय म्हणत होते ताई? एका माणसानं अख्खं खातं घरी बसवलं. एका माणसानं.” आवाज तक्रारीचा होता, पण त्यातला दुसरा सूर मला पहिल्यांदाच ऐकू आला. त्या ते मिरवत होत्या.

“तुझंच बरोबर होतं,” मेश्राम म्हणाले आणि हात धुवायला गेले. जाताना माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं.  त्यांनी मला इतके रविवार बोलायला लावलं होतं, आणि आता फक्त गप्प राहायला सांगत होते.

पुढच्या वर्षी ते गेले. मला निरोप उशिरा मिळाला, त्यामुळे त्यांचं शेवटचं दर्शन ते त्याच भेटीतलं, रीडिंग स्टेशनवरचं. रविवारची सकाळ, कडाक्याची थंडी. दोघं ट्रेनमध्ये समोरासमोर बसली, मी फलाटावर. वहिनी काहीतरी सांगत होत्या, हातवारे करून, बहुधा तेच पुन्हा. मेश्राम माना डोलावत होते. गाडी सुटायला वेळ होता आणि वहिनींच्या बोलण्याने खिडकीची काच आतून हळूहळू धुरकट होत गेली, इतकी की मला नीट दिसेना. मग आतून अंगठ्याच्या नखाने एक आडवी रेघ ओढली गेली. त्या रेघेत मेश्रामांचा डोळा दिसला. ते माझ्याकडे बघत नव्हते. नखावर काय आलं, ते बघत होते.